घास नाकारणारं मूल



स्मृतिव्याख्यान म्हटलं की वक्ता देशाचा नाहीतर इतिहासाचा विषय काढतो. मी मात्र दोन ते पाच वर्षांच्या लेकराच्या ताटाचा विषय मागून घेतला. श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गावी मुलांचा दवाखाना चालवताना ताप-खोकल्याच्या खालोखाल एक वाक्य रोज कानावर पडतं : 'मॅडम, पोरगं काहीच खात नाही हो.' लगोलग दुसरं वाक्य येतं : 'भुकेचं काहीतरी औषध लिहून द्या.'

औषधाचं आधी बोलते, म्हणजे ते बाजूला ठेवता येईल. भूक वाढवणारं म्हणून जे सिरप मेडिकलमधून सर्रास नेलं जातं, त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत सायप्रोहेप्टाडीन असतं. ते मुळात ॲलर्जीचं औषध. त्यानं गुंगी येते, भूकही थोडी वाढते, पण बाटली संपली की भूकही पहिल्या जागी येते. वाढलेल्या भुकेपोटी मूल मेथी मागत नाही, बिस्किटंच जास्त मागतं. माझ्या मते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही बाटली घरात येऊच नये.

मग मी आईला म्हणते, 'काल सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय गेलं, ते क्रमानं सांग.' असंच एक उदाहरण सांगते. मुलगा अडीच वर्षांचा. आई, आजी आणि मांडीवर तो स्वतः, हातात पुडा. आई सांगू लागली. उठल्या उठल्या ग्लासभर म्हशीचं दूध, साखर घालून. नऊ वाजता सगळ्यांचा चहा झाला, तेव्हा त्याच्या वाटीत चहा-खारी. दहा वाजता आजोबांच्या बोटाला धरून स्टँडकडे गेला, तिथं पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. बारा वाजता जेवायला बसवला तर तोंड फिरवलं. 'मग काहीच गेलं नाही पोटात, म्हणून एक ग्लास दूध पाजलं.' चार वाजता कुरकुरे. संध्याकाळी पुन्हा भाकरीला हात लावला नाही, दोन घास चपाती-साखर खाल्ली आणि झोपताना दूध. आजी मध्येच म्हणाल्या, 'दूध तरी जाऊ द्या पोटात, तेवढाच आधार.'

आता हिशोब करू. म्हशीच्या 200 मिलि दुधात सुमारे 200 कॅलरी असतात. दोन चमचे साखरेच्या आणखी 40 धरा. असे तीन ग्लास झाले की 700 च्या पुढे गेलो. बिस्किटाच्या लहान पुड्यात 200 ते 250. या वयाच्या मुलाची दिवसाची गरज हजार-अकराशेच्या आसपास. म्हणजे 'काहीच न खाणाऱ्या' त्या लेकराचं खारी आणि कुरकुरे न मोजताही जवळजवळ दिवसभराचं भागलेलं होतं. बारा वाजता तोंड फिरवलं, ते हट्टानं नव्हे. त्याला भूकच नव्हती. आणि या सगळ्या यादीत लोह जवळपास शून्य. दुधात लोह अगदी कमी असतं, आणि दुधानं पोट भरलं की लोह असलेल्या अन्नाला जागा उरत नाही. लोह कमी पडलं की भूक मंदावते. भूक मंदावली की आई आणखी दूध पाजते.

त्या घरात मी भाजीचा विषयही काढला नाही. एवढंच सांगितलं की दूध दिवसाला दोन कप, म्हणजे 400 मिलिच्या आसपास, तेही जेवणानंतर. आणि दोन खाण्यांच्या मध्ये अडीच-तीन तास पाण्याशिवाय काही नाही. आजोबांनी फिरायला जरूर न्यावं, पण खिशात केळ घेऊन जावं. माझ्या पाहण्यात निम्म्याअधिक घरांतली तक्रार एवढ्यानंच हलकी होते. भूक लागलेल्या मुलापुढे ठेवलेली आमटी-भाकरी आणि पोट भरलेल्या मुलापुढे ठेवलेली आमटी-भाकरी, यांत फार फरक आहे.

तरी काही मुलं भूक असूनही नवं काही तोंडात घेत नाहीत. त्यात वावगं काही नाही, हे पालकांना कळलं तर निम्मं भांडण मिटेल. पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं. तीन किलोचं बाळ नऊ किलोचं. दुसऱ्या वर्षात मात्र वाढ जेमतेम दोन-अडीच किलो. म्हणजे वर्ष उलटलं की निसर्गच भूक आवरती घेतो, आणि नेमकं तेव्हाच घरात 'आधी कसं सगळं खायचा' ही तक्रार सुरू होते. दीड-दोन वर्षांपासून आणखी एक गोष्ट घडते. मूल चालायला लागतं, अंगणात, बांधावर, दिसेल ते उचलायला मोकळं होतं. आणि याच वयात अनोळखी अन्नाबद्दलची धास्ती वाढीला लागते. आईच्या नजरेआड गेलेल्या पोरानं कुठलाही पाला, कुठलंही फळ तोंडात घालू नये, म्हणून निसर्गानं केलेली ही राखण असावी, असं शास्त्रज्ञ मानतात. हिरवं आणि कडसर पहिल्यांदा नाकारलं जातं ते यामुळंच. दोन ते सहा वर्षं हा काळ जोरात असतो, मग ओसरतो. काही मुलांत ही धास्ती उपजतच जास्त असते. त्याचा दोष आईला देणाऱ्या सासरच्या मंडळींनी एवढं ध्यानात घ्यावं.

आता एक प्रयोग सांगते. मला तो फार मोलाचा वाटतो आणि तो बहुधा अर्धाच सांगितला जातो. 1926 च्या सुमारास अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी एक धाडस केलं. अंगावरचं दूध नुकतंच सुटत असलेली पंधरा बाळं त्यांनी आपल्या देखरेखीखाली ठेवली आणि काय खायचं, किती खायचं, हे सगळं बाळांवर सोपवलं. एकूण तीस-पस्तीस पदार्थ होते : फळं, भाज्या, धान्य, दूध, आंबवलेलं दूध, अंडी, मांस, काळीज, मीठसुद्धा. जेवणाच्या वेळी यांतले काही वेगवेगळ्या वाट्यांतून पुढे मांडायचे. नर्सनं चमचा घेऊन शेजारी बसायचं. मुलानं एखाद्या वाटीकडे हात केला तरच त्यातला घास द्यायचा. आग्रह नाही, कौतुक नाही, नाक मुरडणं नाही, 'हे खा' नाही की 'ते पुरे' नाही. हातानं खाल्लं तरी चालेल, सांडलं तरी चालेल.

मुलांनी काय केलं? प्रत्येकानं वेगळंच खाल्लं. एखाद्या दिवशी अंड्यांवर ताव, तर पुढे कितीतरी दिवस अंड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एका जेवणाचं ताट पाहिलं तर आहारतज्ज्ञानं कपाळाला हात लावावा, पण महिन्यांचा हिशोब जुळत गेला आणि सगळी मुलं धडधाकट वाढली. एका बाळाला मुडदूस होता. त्याच्या ताटाशेजारी माशाच्या तेलाची वाटी ठेवली होती. ते तेल त्यानं कधी थोडं, कधी बरंच, असं आपण होऊन घेतलं आणि आजार बरा झाल्यावर सोडून दिलं.

इथवरचं ऐकून काहीजण म्हणतात, मग द्या मुलाला सोडून, मागेल ते द्या. डेव्हिस बाईंनी 1939 च्या लेखात स्वतःच बजावलं आहे की प्रयोगाची खरी खुबी त्या यादीत होती. त्यांच्या यादीत साखर नव्हती, मैदा नव्हता, पुड्यातला एकही पदार्थ नव्हता. मूल चुकेल असं काही त्यांनी पुढे ठेवलंच नव्हतं. निवड मुलाची होती, पण कशातून निवडायचं ते बाईंनी ठरवलं होतं. पुढे अमेरिकेतल्याच एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी हीच गोष्ट घरासाठी सोपी करून मांडली : काय वाढायचं, केव्हा आणि कुठं, हे मोठ्यांचं काम, खायचं की नाही आणि किती, हे मुलाचं. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, बाकीचं त्याचा विस्तार आहे. आपल्याकडे हे काम अगदी उलटं झालेलं दिसतं. काय आणायचं ते मूल ठरवतं, दुकानासमोर लोळण घेऊन. आणि किती गिळायचं ते आपण ठरवतो, गालावर बोटं दाबून.

नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण व्यवहारात खरी असेल, जेवणात खोटी आहे. पाय पसरून, बाळाला पायांवर आडवं घेऊन, हात धरून घास कोंबणं आपल्या घरांतून अजून गेलेलं नाही. त्यात ठसक्याचा धोका आहे, हे आधी लक्षात घ्या. तेवढंच नाही. अमेरिकेतल्या लीन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये बालवाडीच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. एक सूप 'संपव, संपव' म्हणून पाजलं, दुसरं काही न बोलता पुढे ठेवलं. ज्याचा आग्रह झाला ते मुलांनी कमी खाल्लं आणि त्यालाच नावं ठेवली. 'भाजी खाल्लीस तर चॉकलेट' या सौद्याचंही तसंच होतं. भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, असं मूल शिकतं, आणि ते आपणच शिकवतो. मोबाइल लावून भरवलं की घास जातात खरे, पण मूल काय खातंय हे त्याला कळतच नाही. चव, वास, पोट भरल्याची जाणीव, काहीच नोंदलं जात नाही. महिनाभर मोबाइलवर खाल्लेली पालकाची भाजी मोबाइलविना पुन्हा अनोळखीच असते.

मग करायचं काय? पुनःपुन्हा ओळख करून द्यायची, आणि तीही लहानशी. बर्च यांच्याच 1982 च्या अभ्यासात दोन वर्षांच्या मुलांना नवे पदार्थ चाखायला देत राहिले, तर जो पदार्थ जास्त वेळा जिभेला लागला तो जास्त आवडू लागला. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा चाखावं लागतं. घरोघरी मात्र तीन-चार वेळा नाही म्हटलं की 'त्याला आवडत नाही' असा शिक्का बसतो आणि ती भाजी त्याच्या ताटातून कायमची जाते.

लहानशी म्हणजे केवढी, तेही सांगते. चाकवताची ताकातली भाजी केली आहे. मुलाच्या ताटात त्याला आवडतं ते असू द्या : भाकरीचा काला, वरण, दही. कडेला चाकवत हरभऱ्याच्या दाण्याएवढा. बोलायचं काहीच नाही. त्यानं बोट लावून चाटलं तरी मोजा. तोंडातून बाहेर काढलं तरी मोजा. चव कळली की ओळख झाली. नुसतं ढकलून दिलं तरी रागवायचं नाही. दोन-तीन दिवसांनी परत तेवढंच. तिखट घालण्याआधी त्याच्यापुरती पळीभर भाजी बाजूला काढायची सवय ठेवा. कित्येकदा मुलाला भाजी नको नसते, तिखट नको असतं. आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात. कूट करून भाजीत, चटणीत, लाडवात चालतं.

मुलाला हात लावू दिला की धास्ती कमी होते. आपल्या नगर-पुण्याकडचे शेंगोळे घ्या. हुलग्याचं पीठ मळून, हातावर वळून, लसणाच्या रश्शात सोडायचे. तीन वर्षांच्या पोराला पिठाचा गोळा द्या, वाकडंतिकडं वळू द्या आणि त्याचं शेंगोळं वेगळं ओळखून त्याच्या ताटात वाढा. हरभरा सोलायला बसवा, मेथीची पानं खुडायला द्या. पसारा होतो, मान्य आहे, पण हुलग्यासारखं कडधान्य त्या पसाऱ्यातून पोटात जातं.

श्रीगोंद्यात वेगवेगळ्या चवींचा तुटवडा मुळात नव्हता. कोरडवाहू रानात बाजरीबरोबर तुरीचे तास, मटकी, हुलगा, मूग असायचे. पावसात तांदुळजा, पाथरी, चिघळ. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला आणि करडईची भाजी. घोड आणि कुकडीचं पाणी आलं, ऊस आला, लिंबाच्या बागा आल्या, चार पैसे आले. त्याबद्दल कोणी वाईट वाटून घेऊ नये. पण ज्या बांधावर दहा जिन्नस उगवायचे तिथं एकच पीक उभं राहिलं, आणि भाजी आठवडे बाजारातून पिशवीत येऊ लागली. पिशवीत बहुतेक वेळा बटाटा, कोबी आणि वांगं. आजीला चिघळ ओळखता येते, सुनेला येत नाही, नातवानं तर ती पाहिलेलीच नसते. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी नातवाच्या आजारपणानंतर गावठी बियाणं साठवायला सुरुवात केली. त्यांना 2020 चा पद्मश्री मिळाला तेव्हा आपण बियाण्याचं कौतुक केलं. मला त्यात नातवाच्या ताटाची काळजी करणारी आजी जास्त दिसते. घराच्या मागं चार हात जागेत शेवगा, घेवडा, पालक लावणं आपल्यापैकी बहुतेकांना जमण्यासारखं आहे. आणि भोगीला आपल्याकडे वांगं, गाजर, पावटा, सोलाणे, बोरं, शेंगदाणे, तीळ एका कढईत येतात, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. वर्षातून एकदाच ती भाजी का करायची, हा प्रश्न मी दरवर्षी विचारते.

आता पंगतीबद्दल. हरिनाम सप्ताहाच्या काल्याला किंवा यात्रेच्या महाप्रसादाला घरी हट्टी असलेली मुलं कशी जेवतात, ते पाहा. पत्रावळीवर आमटी, भाकरी, भात, वांग्याची भाजी. घरी वांग्याला हात न लावणारं पोर तिथं चुलत भावंडांच्या मध्ये मांडी घालून बसतं आणि भाकरी कुस्करून खातं. आई लांबून बघते आणि म्हणते, 'घरी का नाही खात हे?' कारण साधं आहे. जेवायला उशीर झालेला, त्यामुळे कडकडून भूक. सगळ्यांना एकच जेवण. शेजारची पोरं खाताहेत. आणि मुख्य म्हणजे वाढपी पुढे निघून गेलेला असतो, कोणी तोंडाकडे टक लावून बसलेलं नसतं. बर्च यांनी 1980 मध्ये हेही पाहिलं होतं : एखादी भाजी न आवडणाऱ्या मुलाला ती आवडणाऱ्या मुलांबरोबर काही दिवस जेवायला बसवलं, तर ते ती भाजी घेऊ लागलं.

म्हणून अंगणवाडीतल्या आहाराकडे मी नुसता खाऊ म्हणून पाहत नाही. तिथं लेकरू समवयस्कांच्या पंगतीत बसतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली. 1975 पासून एकात्मिक बालविकास योजनेनं 'अंगणवाडी' हे नाव देशभर पोचवलं. आपली अनेक घरं मात्र 'तिथली खिचडी नको' म्हणून डबा देऊन मूल पाठवतात, किंवा पाठवतच नाहीत. खिचडीत काही कमी असेल तर गावानं लक्ष घालून ती सुधारावी, पण मुलाला पंगतीतून उठवू नये.

आणि घरच्या पंगतीत वडील कुठं असतात? मुलाला साडेसातला एकट्याला भरवायचं, बाप नऊला टीव्हीसमोर, आई शेवटी स्वयंपाकघरात, अशी तीन जेवणं होतात. मुलानं कोणाचं बघून खावं? साने गुरुजींच्या 'श्यामची आई' मध्ये अळणी भाजीची गोष्ट आहे. भाजीत मीठ घालायचं राहून गेलेलं असतं, पण वडील काही न बोलता जेवतात, म्हणून मुलंही मुकाट्यानं जेवतात. गुरुजींनी ती आईच्या कष्टांची कदर म्हणून सांगितली आहे. मला त्यात हेही दिसतं की वडिलांचं तोंड वाकडं झालं असतं तर सगळ्या ताटांतली भाजी तशीच राहिली असती. कारल्याला 'हे काय केलंय' म्हणणाऱ्या बापाच्या मुलाला मी कारलं खायला शिकवू शकत नाही. दिवसातून एक जेवण तरी सगळ्यांनी एकत्र, एकाच भांड्यातलं जेवावं. वीस-पंचवीस मिनिटांत मुलाचं झालं तर झालं, ताट उचलावं, पुढच्या वेळेपर्यंत दुसरं काही करून देऊ नये. हे पहिले काही दिवस जड जातं, विशेषतः आजीला.

एक गोष्ट बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटली की बीडकडून, पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या तालुक्यात येतात. कोपीतलं दोन वर्षांचं मूल सकाळची भाकरी चटणीबरोबर दिवसभर खातं. त्याच्याही खाण्यात चार जिन्नस नसतात, पण ते नको म्हणतं म्हणून नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली 35 मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली आणि सहा महिने ते पाच वर्षांतल्या जवळपास 69 टक्के मुलांत रक्त कमी होतं. एवढा मोठा आकडा एकट्या गरिबाघरचा असू शकत नाही. त्यात दूध-बिस्किटावर वाढलेली बागाईतदाराची नातवंडंही आहेत. पण दोघांवरचा उपाय एक नाही. एका घरात आग्रह कमी करायचा आहे. दुसऱ्या ठिकाणी अन्न पोचवायचं आहे, आणि हंगामापुरत्या आलेल्या मुलाचं नाव जवळच्या अंगणवाडीत घालून घेणं ही गावाची जबाबदारी आहे. आपल्या जिल्ह्यातल्या जामखेडमध्ये 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्यानं कमी शिकलेल्या, कित्येकदा निरक्षर बायकांना तयार करून गावोगावी बाळाचं खाणं, वजन, जुलाब यांची काळजी घ्यायला लावलं. आईला जे डॉक्टरचं पटत नाही ते शेजारणीचं पटतं, हे त्यांनी ओळखलं होतं. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या प्रत्येक वाडीत एखादी अशी शेजारीण मिळेल, ती शोधायला हवी.

शेवटी, दवाखान्यात कधी यायचं ते सांगते, कारण धीर धरा म्हणते म्हणून खरं दुखणं अंगावर काढू नये. वजन दोन-तीन महिने वाढत नसेल किंवा घटलं असेल. वर्ष-दीड वर्ष उलटूनही मूल फक्त पातळ, वाटलेलंच गिळत असेल, घट्ट घासाला ओकारी येत असेल. गिळताना ठसका लागत असेल किंवा दुखत असेल. खाण्यातले पदार्थ वाढायच्या ऐवजी कमी कमी होत जाऊन मोजक्या चार-पाचांवर आले असतील, आणि त्याबरोबर बोलणं मागं असेल. माती, भिंतीचा पापुद्रा, पाटीवरची पेन्सिल खात असेल, तर रक्त तपासायलाच हवं. लोह भरून आलं की ही खोड बहुतेकांची सुटते आणि जेवणही सुधारतं. जंताची गोळी वर्षाच्या पुढच्या मुलांना अंगणवाडीत मोफत मिळते, ती चुकवू नका. आशाताई लोहाचं औषध देतात ते फळीवर पडू देऊ नका. शौच काळसर होईल, घाबरायचं कारण नाही. आणि येताना अंगणवाडीतलं वाढीच्या तक्त्याचं कार्ड सोबत आणा; 'काहीच खात नाही' याचं खरं-खोटं मला त्या रेषेवरून आधी कळतं. आता आपले प्रश्न घेते. आज्यांनी आधी विचारावेत.